गावपळणीत फळा नेणाऱ्या बाई

आमच्या बाई कधी रिकाम्या हातांनी शाळेत आल्या नाहीत. येताना वाटेत जे दिसेल ते उचलायचं, ही त्यांची सवय. जाळ्यातून सुटून किनाऱ्याला लागलेले प्लास्टिकचे गोळे, करवंट्या, दोरीचे तुकडे, शिंपल्या, लग्नाच्या मांडवातला उरलेला पुठ्ठा. सगळं पदराच्या ओच्यात किंवा पिशवीत घालून त्या वर्गात आणायच्या आणि कोपऱ्यात नीट लावून ठेवायच्या. सुरुवातीला गावातले लोक हसायचे. एकदा तिठ्यावर कोणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं, "ही मास्तरीण आसा काय भंगारवाली?" बाई थांबल्या, वळल्या आणि हसून म्हणाल्या, "दोन्ही की ओ. तुमच्याकडं काय असलं तर तेबी द्या." त्या माणसाने दुसऱ्या दिवशी जुन्या जाळ्याची अख्खी दोरी आणून दिली.

त्या दोरीत बाईंनी गोळे ओवले. एका दोरीत दहा. सुटा गोळा म्हणजे एकक, भरलेली दोरी म्हणजे दशक. घरी बापाच्या मांडीला मांडी लावून जाळी दुरुस्त करणारी मुलं ती. पुस्तकातलं दशक त्यांना उमगत नव्हतं, पण दोरी सोडवायची आणि बांधायची म्हटल्यावर हातचा घेणं त्यांच्या हातांनाच कळलं.

मी त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. मी शिकलेही तिथेच, चौथीपर्यंत. आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीसाठी खाडी ओलांडून पलीकडे जावं लागतं. पावसात खाडीला पाणी चढलं की होडी बंद राहते, आणि मुलीसाठी रोज होडीवर कोणी सोबत जायचं, हा प्रश्न माझ्या घरी सुटला नाही. म्हणून माझी शाळा तिथेच संपली. मला बोलायची सवय कमी. चुलीपुढे बसलं की बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला आवडतं.

बाई सोलापूरकडच्या. त्या आल्या तेव्हा शाळेत आणखी एक गुरुजी होते, पण त्यांना कामगिरीवर दुसरीकडे पाठवलं आणि ते परत आले नाहीत. चार इयत्ता, खोल्या दोन, त्यातली एक गळकी, आणि बाई एकट्या. आधी आलेले सगळे शिक्षक पहिल्या दिवशी काय काय नाही ते बघत आणि वरती कळवत. बाईंनी मला विचारलं, "ताई, आपल्याकडं काय काय आहे?"

मला असं कधी कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "चूल आसा. टोप आसत. एक फळो बरो आसा, दुसरो फुटलेलो."

"आणि मुलं?"

"ती आसत."

"मग झालं की," बाई म्हणाल्या आणि साडीचा पदर खोचून गळक्या खोलीतल्या बसायच्या पट्ट्या बाहेर काढू लागल्या.

'आधी काय आहे ते बघू की' हे त्यांचं वाक्य पुढे मुलांच्याही तोंडी बसलं. घरात साखर संपली म्हटलं की माझी तन्वी डबे उघडत म्हणायची, "आधी काय आहे ते बघू की." सासूबाई वैतागायच्या. "ह्या घाटावरच्या बाईन पोरांक बिघडवल्यान!"

खरी अडचण भाषेची होती. मुलांना घरात माका-तुका, आणि पुस्तकात मला-तुला. पुस्तकातली मराठी त्यांना कचेरीतल्या साहेबासारखी वाटायची, समोर उभं राहिलं की तोंड उघडायचंच नाही. बाईंना मालवणी अजिबात येत नव्हती, आणि त्यांनी त्याचाच उपयोग केला. रोज सकाळी पहिला तास मुलांनी बाईंना शिकवायचा. मुलं एक शब्द देणार, बाई त्याला पुस्तकातला भाऊ शोधून देणार. मुलांनी झील दिला, बाईंनी मुलगा दिला. मुलांनी चेडू दिलं, बाईंनी मुलगी दिली. बाई बोलायला लागल्या की सगळं लिंगवचन पालथं व्हायचं. "माका भूक लागलो," असं त्या म्हणाल्या तेव्हा पहिलीतली मुलंसुद्धा लोळली. बाई म्हणाल्या, "हसा की. पण मी चुकले तरी बोलले का नाही? आता तुम्ही चुका." त्यानंतर मुलं चुकत चुकत वाचायला लागली. चुकायला घाबरणारं मूल वाचत नाही, हे मी चुलीजवळून बघत होते.

रापणीच्या दिवशी शाळा रिकामी पडायची. किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायचं असलं की लहानथोर सगळे दोरीला लागतात, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला माशांचा वाटा मिळतो. आधीचे गुरुजी किनाऱ्यावर जाऊन मुलांना कान धरून आणत, मग बापांशी भांडण होई. बाई गेल्या त्या सरळ दोरीला लागल्या. वाळूत पाय रोवून, गळ्यातली तुळशीची माळ पाठीवर टाकून, सगळ्यांबरोबर ओढत राहिल्या. मासे न खाणाऱ्या माळकरी बाईंना बांगड्यांचा वाटा मिळाला, तेव्हा किनाराभर हशा. बाईंनी वाटा माझ्या ओच्यात टाकला आणि सगळ्या बापांसमोर म्हणाल्या, "रापण झाली. माझे मासे मी ताईंना दिले. आता शाळेचा वाटा मला द्या." एक एक करून मुलं त्यांच्यामागे निघाली, अंगाला वाळू तशीच. पुढे रापण संपली की बापच सांगायचे, "जावा रे, शाळेचो वाटो देवक जावा."

आमच्या गावात फोनला रेंज नाही. माहिती पाठवायची, फोटो पाठवायचे, तर गावाच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर जावं लागतं. शाळा सुटली की बाई तिथे चढायच्या. तिथल्या एका आंब्याच्या बागेत नेपाळी राखणदाराचं कुटुंब राहतं. रेंज शोधताना बाईंना त्याची मुलं दिसली, दिवसभर बागेतच खेळणारी. बाईंनी त्यांच्या आईशी कोणत्या भाषेत बोलणं केलं देव जाणे, पण पुढच्या आठवड्यात ती मुलं शाळेत. थोरली अस्मिता, आणि तिच्या पाठचे भाऊ. लोक कुजबुजले. माझी मोठी जाऊ तर उघड म्हणाली, "आता नेपाळातली पोरां हाडून शाळा भरवतली ही!" बाईंना ते कळलं. त्या म्हणाल्या, "मीबी सोलापुरातनं आलेय की वहिनी. मला चालवून घेतलं ना?"

त्या मुलांची आम्हाला किती गरज होती ते लवकरच कळलं. पट कमी म्हणून आमची शाळा बंद करून खाडीपलीकडच्या शाळेत मिळवणार, असं बोललं जाऊ लागलं. एक साहेब येतील, ठरल्या दिवशी स्वतः मुलं मोजतील, आणि मग ठरेल. मुलं पटावर पुरेशी होती, पण जेमतेम. एखाद-दुसरं घरी राहिलं तरी संपलं. मी रात्री तन्वीकडे बघत बसले. ती दुसरीत होती. मला पाचवीला होडी आडवी आली. हिला तिसरीलाच येणार होती.

त्याच वर्षी आमची गावपळण आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन आमचा अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री गावाबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरं बंद, चुली बंद, देवळातला दिवा सोडून गावात काही राहत नाही. शिवेबाहेर ओहोळापलीकडच्या माळावर झावळांच्या झोपड्या उभ्या राहतात. रात्री भजनं, फुगड्या, आणि कोणाच्याही झोपडीत जेवण. शेवटी मानकरी देवळात जाऊन कौल घेतात, आणि देवाने हो म्हटलं की गाव परत येतो. तोवर गावात कोणी पाऊल टाकायचं नाही.

साहेबांचा दिवस नेमका त्यातच येत होता. बाईंनी सड्यावरून साहेबांना फोन करून तारीख पुढे मागितली. तीन दिवस सोडून चौथ्या दिवशी या, असं सांगितलं, आणि साहेबांनी ते मानलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

निघायच्या दिवशी लोक डोक्यावरून बिऱ्हाड नेत होते. कोणाच्या हातात कोंबड्यांचं डालगं, कोणाच्या खांद्यावर गॅसची टाकी. बाईंनी शाळेतला बरा फळा काढला, आबांच्या टेम्पोत चढवला आणि त्याला धरून मागे उभ्या राहिल्या. आबा म्हणजे आमच्या गावचे मोठे मानकरी. त्यांनी डोक्याला हात लावला.

"बाई, फळ्याक पण गावपळण?"

"एकटा राहील ओ तो. घाबरंल," बाई म्हणाल्या.

पाठोपाठ त्यांनी माझ्याकडून तांदूळ, डाळ आणि मोठा टोप चढवून घेतला. माळावर एका उंडीच्या झाडाला फळा टेकवला, मी तीन दगडांची चूल मांडली, आणि पहिल्याच सकाळी शाळा भरली. पोरं कुरकुरली, बाकी गाव सुट्टी करत होता. पण आयांना बरं वाटलं. झोपड्यांत पोरांचा धुडगूस थांबला.

तिसऱ्या दिवशी सूर्य कलताना मानकरी कौल घ्यायला गेले. आम्ही सगळे ओहोळाच्या काठावर वाट बघत उभे. ते परत आले तेव्हा आबांचं तोंडच सांगत होतं. देवाने कौल दिला नव्हता. आणखी रवा, असं देवाचं म्हणणं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. बऱ्याच जणांना झोपडीतली थंडी पुरे झाली होती. कोणी मसुऱ्याला बहिणीकडे जातो म्हणाला, कोणी कणकवलीला. पोरांना घेऊन जातो, कौल झाला की येतो. शाळेचं कोणाच्या ध्यानात नव्हतं. ध्यानात आलं ते एका खलाशाच्या. तो आबांना म्हणाला, "आबानू, उद्या सायब येतलो. पोरांक तासभर शाळेत जावंदे. देव काय म्हणतलो?" दोघा-तिघांनी माना हलवल्या. मग सगळे बाईंकडे बघू लागले. "बाई, तुमी सांगा. आबा तुमचा ऐकतले."

बाईंना सांगता आलं असतं. आबांचा नातू त्यांच्याच वर्गात होता. पण त्या म्हणाल्या, "नको. नियम गावाचा आहे, माझ्यासाठी मोडायचा नाही. उद्या मोडून शाळा राहिली, तर परवा कुणाचं जनावर मेलं तरी शाळेचंच नाव घेतील. मी साहेबांना इकडं आणते. तुम्ही फक्त मुलांना नेऊ नका."

त्या तशाच गावाबाहेरून वळसा घालून सड्यावर गेल्या. उतरल्या तेव्हा सांगितलं की साहेब येतायत, पण इमारतीत मुलं दिसली नाहीत तर गैरहजर लिहीन, असं म्हणाले. "येतायत ना? बास की," असं म्हणून बाई झोपड्या फिरू लागल्या. "उद्या दुपारपर्यंत थांबा. गोधडी कमी पडती का? माझी घ्या." माझ्या झोपडीतून दोन गोधड्या गेल्या, बाईंची शाल गेली.

माझी जाऊ मात्र पिशवी भरून तयार होती. तिचं माहेर मिठबावला. तिने आपल्या झिलाचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने तन्वीचा. "हिकाय नेतंय. थंडीन खोकता आसा."

मी म्हटलं, "तन्वी जावची नाय."

जाऊ माझ्याकडे बघतच राहिली. "काय म्हणालस?"

माझ्याकडे दुसरं वाक्य नव्हतं, म्हणून तेच पुन्हा म्हटलं. "तन्वी जावची नाय."

सासूबाई झोपडीतून डोकावल्या. जावेने पिशवी खाली आपटली. "बरा! ही बोलाक लागली म्हणजे काय ता मोठाच आसतला. मगे माझो झील तरी एकटो कित्याक जाव? रवतंव आमी पण." आणि तिने रागारागाने माझ्याच चुलीवर चहा ठेवला.

सकाळी उंडीखाली मुलं बसली. बाईंनी नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उतरला. अस्मिता आणि तिचे भाऊ नव्हते. बाग शिवेबाहेर, म्हणून ते कुटुंब आपल्या जागीच होतं. तीन दिवस त्यांचा बाप त्यांना सायकलवरून मोठ्या रस्त्याने आणून सोडायचा. आज तो पहाटेच देवगडला कामाला गेला होता, आणि पोरांची पायवाट गावातून होती. सगळ्या झोपड्या फिरलेल्या बाईंना हे सुचलं नव्हतं, आणि आम्हालाही नाही. कातळाच्या कडेने वळसा घालून यायचं तर किती वेळ लागेल कोण जाणे. बाईंनी आबांच्या नातवाच्या बापाला मोटरसायकल घेऊन पिटाळलं, आणि तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

ती सरळ गावात शिरणार, तर आबा हात जोडून रस्त्यात उभे.

"सायबानू, गाडी फुडे जावची नाय."

"अहो, मी सरकारी कामासाठी आलोय."

"व्हय तर. सरकारी काम हयसर आसा," म्हणत आबांनी उंडीकडे बोट दाखवलं.

साहेब उतरले. रागावलेले होते. "बाई, हा काय प्रकार आहे? मला मुलं मोजायची आहेत."

"मोजा की. पण आधी शिकवणं बघा. नुसती डोकी मोजायला गुराखीपण येतो," बाई म्हणाल्या. मला वाटलं, आता संपलं. साहेब काही बोलणार होते, पण खुर्ची नव्हती, म्हणून दगडावर बसले, आणि दगडावर बसल्यावर माणसाचा राग थोडा खाली येतो.

त्यांनी तिसरी-चौथीकडे बघून विचारलं, "तुमच्या गावाची लोकसंख्या किती?"

जावेचा झील उठला. त्याने गावाकडे बघितलं, मग साहेबांकडे. "आज शून्य, सायब."

मागे उभे असलेले बाप फसकन हसले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि तेही हसले. मग त्यांनी दोरीतले गोळे सोडवून वजाबाकी करायला लावली, वाचायला लावलं. एकीने मालवणीत उत्तर दिलं, ते त्यांना कळलं नाही. बाईंनी मदत केली नाही. म्हणाल्या, "तिलाच विचारा, ती सांगंल." आणि तिने पुस्तकातल्या भाषेत, अडखळत, पुन्हा सांगितलं.

बाईंचं लक्ष मात्र सड्याच्या वाटेकडे. साहेब मोजायला उठले तेव्हा मोटरसायकलचा आवाज आला. मागे अस्मिता आणि तिचे भाऊ एकमेकांना धरून बसलेले, पाय कातळावरच्या काट्यांनी ओरबाडलेले. ती अर्ध्या वाटेवर, कडेने चालत येतानाच भेटली होती. आईने डबा करून दिला होता. अस्मिता उतरली, आपल्या ओळीत बसली आणि श्वास लागलेल्या आवाजात म्हणाली, "बाई, हजर."

साहेबांनी मुलं मोजली. पत्रावळीवर खिचडी खाल्ली, दुसऱ्यांदा मागून घेतली. जाताना म्हणाले, "इमारत न बघता मी लिहू काय?"

"इमारत जागेवर आहे, असं लिहा. ती कुठं जाणार? मुलं जाणारी होती, ती इथं आहेत."

शाळा राहिली. कौल दुसऱ्या दिवशी झाला आणि गाव घरी आला.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. दर वर्षी त्या अर्ज करत होत्या, हे मला माहीत होतं. त्यांचा मुलगा सोलापूरला त्यांच्या आईकडे वाढत होता. आमची मुलं त्यांना बाई म्हणत शिकली, आणि त्यांचं मूल त्यांना सुट्टीत भेटत होतं. त्यामुळे राहा असं म्हणायला कोणाची जीभ उचलली नाही. जाऊसुद्धा एसटीवर आली, कोकमाची बरणी घेऊन. बाई तिला म्हणाल्या, "माका रडू येता." या वेळी एकही चूक नव्हती, आणि कोणी हसलं नाही.

एसटीत चढताना त्यांनी माझा हात धरला. "ताई, नवीन माणूस यायला वेळ लागंल. तोवर दार बंद ठेवू नका. मुलं सवयीनं येतात, आणि सवयीनंच यायची थांबतात."

जूनमध्ये शाळा उघडली, पण नवीन शिक्षक आले नाहीत. खाडीपलीकडचे गुरुजी जमेल तसे येतील, असं सांगण्यात आलं. पहिल्या दिवशी खाडीला पाणी होतं, होडी आली नाही. आया पोरांना घेऊन पायरीशी उभ्या. "मास्तर नाय तर कित्याक बसवूचा? न्हेव घरा?" जाऊ माझ्याकडे बघत होती.

मी कुलूप काढलं. पट्ट्या अंथरल्या. मुलं बसली. पहिलीच्या पुस्तकातलं पान उघडून मी फळ्याजवळ उभी राहिले आणि वाचायला लागले. माझा आवाज मुलांच्या पहिल्या रांगेपर्यंतच जात होता. मागची मुलं आपापली पट्टी ओढत पुढे सरकली.